मोटरसायकलला कुठलं कुलूप लावावं : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

२०१९ च्या जूनमध्ये पुण्यात आमच्या बिल्डिंगखालून माझी मोटरसायकल गेली. रात्री साडेदहाला लावली, हँडल लॉक केलं. सकाळी सातला खाली उतरलो तर फरशीवर ऑइलचा डाग तेवढा होता. बिल्डिंगला वॉचमन नव्हता, गेट उघडंच असायचं. त्यानंतर मी कुलपांच्या मागे लागलो. चावीवाल्यांकडे तासन्‌तास बसलो, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे साखळ्या कापून बघितल्या. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातली मुलं मला जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. गाडी बहुतेकांची हप्त्यांवर घेतलेली असते आणि घरातल्या कुणाचं तरी रोजचं कामावर जाणं तिच्यावर अवलंबून असतं. म्हणून काही उत्तरं लांब झाली आहेत.

गाडीला हँडल लॉक असतोच. मग वेगळं कुलूप कशाला?

हँडल लॉक म्हणजे एक छोटी खिळ. तुम्ही हँडल वळवून चावी फिरवता तेव्हा ती पुढे सरकते आणि हँडल सरळ होऊ देत नाही, एवढंच तिचं काम. हँडल म्हणजे लांब तरफ. गाडीवर बसून हँडलच्या एका टोकाला पाय लावून जोरात रेटलं की सगळा भार त्या खिळीवर येतो आणि ती तुटते. कटाक करून एक आवाज होतो, बस. पुढे इग्निशनच्या वायरी ओढून जोडल्या, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत गाडी ‘डायरेक्ट’ केली, की चावीचीही गरज उरत नाही.

जुन्या गाड्यांचं दुखणं वेगळं. दहा-बारा वर्षांत चावीही झिजते आणि कुलपाच्या आतल्या पट्ट्याही झिजतात. मग त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीची चावीसुद्धा त्यात बसते. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या चावीने सहकाऱ्याची गाडी चालू झालेली मी स्वतः पाहिली आहे. तुमची गाडी जुनी असेल तर हा प्रयोग मित्राच्या गाडीवर, त्याच्यासमोर, एकदा करून बघा. चावी लागली तर इग्निशनचा लॉकसेट बदलून घ्या. कुठलंही नवं कुलूप घेण्याआधी हे करा.

इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय, मोटारींमध्ये सर्रास असते. आपल्याकडच्या शंभर ते दीडशे सीसीच्या साध्या मोटरसायकलींमध्ये ती सहसा नसते. होंडाने २०२३ च्या जानेवारीत अ‍ॅक्टिवा स्मार्ट चावीसह आणली, तशा काही गाड्या आता मिळतात. पण तुमच्या दारातली गाडी त्यातली नसेल असं धरूनच चाला.

हँडल लॉक तरीही लावाच. दूध आणायला गेलात तरी लावा.

चोर गाडी नेतात तरी कशी?

हे कळलं की कुलूप निवडणं सोपं होतं. रस्ते तीन आहेत.

पहिला, गाडी चालू करून. दुसरा, चालू न करता. एक जण चोरीच्या गाडीवर बसतो, दुसरा मागून आपल्या गाडीवरून तिच्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेतो. रस्त्यात बघणाऱ्याला वाटतं पेट्रोल संपलं असेल, आणि बिचारा मदतच करतोय. तिसरा, सरळ उचलून टेम्पोत टाकायची. दोन-तीन माणसं शंभर-सव्वाशे किलोची गाडी सहज उचलतात.

चाक अडवणारं कुठलंही कुलूप पहिले दोन रस्ते बंद करतं. तिसरा बंद करायचा असेल तर गाडी जमिनीला, खांबाला किंवा भिंतीतल्या ग्रिलला बांधायला लागते. मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं इथेच आलं. कुलूप कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. गाडी कशाला बांधली आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

डिस्क लॉक घ्यावं की साखळी?

दोघांची कामं वेगळी आहेत.

डिस्क लॉक म्हणजे डिस्क ब्रेकच्या चकतीच्या भोकात पिन अडकवून चाक अडवणारं छोटं कुलूप. ते खिशात किंवा सीटखाली मावतं, लावायला दहा सेकंद लागतात. मंडईत, बँकेत, क्लासबाहेर, दवाखान्यात, जिथे गाडी तास-दोन तास उभी असते आणि आजूबाजूला वर्दळ असते, तिथे ते पुरतं. रांगेत वीस गाड्या असतील आणि एकोणीस नुसत्या हँडल लॉकवर असतील, तर चोर विसाव्याकडे सहसा वळत नाही.

साखळी जड असते, रोज बाळगणं जिवावर येतं. म्हणून ती बाळगायचीच नाही. ती गाडी रात्री जिथे उभी राहते तिथेच कायमची ठेवायची. सकाळी साखळी तिथेच कड्याला कुलूप लावून ठेवा आणि गाडी घेऊन जा. चोवीस तासांतले आठ-दहा तास गाडी एकाच जागी, अंधारात, कुणाचं लक्ष नसताना उभी असते. पैसे त्या तासांसाठी खर्च करा.

एकच घेणं शक्य असेल आणि घरी गाडी रस्त्यावर किंवा उघड्या पार्किंगमध्ये राहत असेल, तर मी साखळी म्हणेन. घरी कुलपाचं गेट आणि वॉचमन असेल, तर डिस्क लॉक.

डिस्क लॉक घेताना नेमकं काय तपासायचं?

आधी आपल्या गाडीची डिस्क बघा. तिच्यावर जी भोकं असतात त्यातून लॉकची पिन जायला हवी. स्वस्त लॉकची पिन पाच-सहा मिलिमीटरची असते, चांगल्यांची दहा किंवा त्याहून जास्त. दहाची पिन प्रत्येक डिस्कच्या भोकातून जात नाही, म्हणून गाडी दुकानासमोर न्या आणि लावून बघूनच पैसे द्या. ऑनलाइन मागवत असाल तर भोकाचा व्यास पट्टीने मोजा.

जाडीचं गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. सहा मिलिमीटरची पिन आणि दहाची पिन, फरक चारचाच दिसतो. पण कापायचं किंवा तोडायचं पोलाद असतं ते आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाइतकं. सहाचं साधारण अठ्ठावीस चौरस मिलिमीटर, दहाचं जवळपास एकोणऐंशी. म्हणजे पावणेतीन पटींहून जास्त लोखंड.

दुसरी गोष्ट, लॉकचं अंग. हातात घेतल्यावर ते जड लागायला हवं. मिश्रधातूच्या पातळ ओतकामाची कुलपं दिसायला भरीव असतात, पण हातोडीच्या दोन घावांत त्यांना तडा जातो. तिसरी गोष्ट, लॉक डिस्कवर बसल्यावर जितकं घट्ट बसेल तितकं चांगलं. मध्ये ऐसपैस जागा उरली तर त्यात पहार घालायला सोपं जातं.

चावी बघा. नळीसारखी गोल चावी असलेलं कुलूप मी टाळतो. २००४ साली अमेरिकेत क्रिप्टोनाइट कंपनीची अशा गोल चावीची सायकल-कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात हे उघडकीला आलं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली. त्यानंतर चांगल्या कंपन्यांनी रचना बदलल्या. स्वस्त कुलपांत मात्र गोल चावी अजून दिसते. दोन्ही बाजूंना खाचा किंवा खळगे असलेली सपाट, जाडसर चावी बरी.

माझ्या गाडीला डिस्क ब्रेकच नाही, ड्रम आहे. मग?

आपल्याकडे अशा लाखो गाड्या आहेत, आणि चोरांना त्याच जास्त आवडतात. सुटे भाग लगेच खपतात, गाडी गर्दीत ओळखूही येत नाही.

ड्रमच्या गाडीला साखळी किंवा यू आकाराचं कुलूप. मागच्या चाकातून आणि स्विंगआर्ममधून, म्हणजे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये धरलेलं असतं त्यातून, ओवायचं. एक चूक मी पुष्कळ ठिकाणी बघतो. तारांच्या चाकात साखळी नुसत्या तारांमधून घातलेली असते. तार पकडीनेही कापता येते. साखळीने रिमला पूर्ण वेढा घातला पाहिजे आणि शक्य असेल तर फ्रेमचा एखादा भागही त्यात आला पाहिजे. पुढच्या चाकाला एकट्याला बांधणं तर नकोच. एक्सलचा नट काढला की चाक साखळीसकट तिथेच राहतं आणि गाडी जाते.

साखळी किती जाड हवी?

हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती सहा मिलिमीटरची साखळी आमच्या फॅब्रिकेशनवाल्याने माझ्यासमोर दोन फुटी कटरने एका दाबात कापली. श्वाससुद्धा रोखावा लागला नाही. आठची साखळी, कडक केलेल्या पोलादाची नसेल तर, थोड्या जोराने तशीच जाते. दहापासून पुढे, पोलाद कडक केलेलं असेल तर, छोटी हत्यारं हरायला लागतात. बारा-तेराच्या पुढे साडेतीन फुटी कटर आणि दोन माणसांचं वजन लागतं. सोळाची साखळी हाताने चालवायच्या कटरच्या तोंडात मावतच नाही असं धरा.

पण वजनही तसंच वाढतं. दहाची साखळी मीटरला सव्वादोन-अडीच किलो भरते, सोळाची पाचच्या वर. म्हणूनच म्हटलं, जाड साखळी बाळगायची नसते, जागेवर ठेवायची असते.

पोलाद कडक आहे की नाही हे घरी कसं ओळखायचं? कानशीने एका कडीवर घासा. साध्या लोखंडावर कानस चावते, चकचकीत खाच पडते. कडक पोलादावर ती घसरते. दुकानदार घासू देत नसेल तर आग्रह धरा, निदान शेवटच्या कडीवर तरी. कड्या चौकोनी किंवा षटकोनी छेदाच्या असतील तर कटरची पकड बसायला अवघड जातं. कड्या आखूडही हव्यात. लांब कडीत पहार घालून पिळता येते.

साखळीवर कापडाचं किंवा रबराचं आवरण हवंच. चोरासाठी नाही, तुमच्या रिमच्या रंगासाठी.

शेवटी साखळी जोडणारं कुलूप. दोन हजारांच्या साखळीला शंभर रुपयांचं पितळी कुलूप लावलेलं मी पाहिलं आहे. कुलपाचा दांडा साखळीइतका तरी जाड हवा, दोन्ही पाय आत अडकणारा हवा, आणि जितका कमी उघडा दिसेल तितका बरा.

साखळी लावायची पद्धत काही असते का?

असते, आणि तिला पैसे पडत नाहीत. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर पडलेल्या कडीवर कटरचा एक दांडा टेकवून दुसऱ्यावर अख्खं वजन टाकता येतं. छिन्नी-हातोडीलाही खाली टणक आधार मिळतो. तीच साखळी हवेत, ताणून, दोन फुटांवर असेल तर हातांच्या जोराशिवाय काही उरत नाही. शिवाय चावीचं भोक खाली तोंड करून ठेवा. पावसाचं पाणी जात नाही आणि खटपट करणाऱ्याला मान वाकडी करावी लागते.

गाडी बांधायला जागाच नाही. काय करू?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण बहुतेक जण इथेच सोडून देतात.

पार्किंगमधला बीम, जिन्याच्या लोखंडी कठड्याचा पाया, मीटरच्या खोलीचं ग्रिल, कंपाउंडच्या भिंतीतला खांब, आधी हे सगळं फिरून बघा. पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपला, झाडाच्या फांदीला किंवा वरून मोकळ्या असलेल्या खांबाला बांधू नका. मोकळ्या खांबावरून साखळी वर सरकवून काढता येते.

काहीच नसेल तर जमिनीत कोयंडा बसवा. वेल्डिंगवाल्याकडून वीस मिलिमीटर किंवा जास्त जाडीच्या सळईचा उलटा यू करून घ्या, दोन्ही पायांना खाली आडव्या पट्ट्या जोडून घ्या, फूटभर खोल खड्डा करून काँक्रीटमध्ये बसवा आणि आठवडाभर पाणी मारा. वर फक्त साखळी जाईल इतकी जागा सोडा. सळई साध्या लोखंडाची असते, ती साखळीइतकी कडक नसते, म्हणून ती साखळीपेक्षा बरीच जाड हवी. दोन-तीन मोटरसायकलींना एक कोयंडा पुरतो.

सोसायटीची परवानगी लागेल. एकट्याने अर्ज केलात तर तो फायलीत राहतो. चार गाड्यांचे मालक मिळून कमिटीपुढे जा, सगळ्यांसाठी कोयंड्यांची रांग मागा, खर्च वाटून घ्यायची तयारी दाखवा. आमच्याकडे हे असंच झालं. जागा निवडताना येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकणार नाही हे नक्की बघा, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचा. तळघरात पार्किंग असेल तर खोदण्याआधी खाली जलरोधक थर किंवा वायरी नाहीत ना हे विचारा.

वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांना हेही शक्य नसेल तर दोन गाड्या एकमेकींना बांधा. शेजाऱ्याशी सकाळच्या वेळा जुळल्या पाहिजेत, पण दोन गाड्या एकत्र उचलणं किंवा ढकलणं फार अवघड असतं.

अलार्म वाजणारं डिस्क लॉक उपयोगी आहे का?

आहे, जिथे आवाज ऐकून कुणी खिडकीत येईल तिथे. ही कुलपं साधारण ११० डेसिबलचा आवाज करतात. रात्री तीनला गल्लीत तो चांगलाच लांब जातो. भर बाजारात मात्र कुणी वळूनही बघत नाही.

त्रास दोन आहेत. शेजारच्याने गाडी काढताना धक्का दिला तरी ते ओरडतं, आणि चार वेळा उगीच ओरडलं की पाचव्या वेळी बिल्डिंग उठत नाही. दुसरं, बटणाएवढ्या सेलवर चालतं. सेल उतरले की ते साधं कुलूप होतं. दर पावसाळ्याआधी सेल बदला. अलार्मच्या मोहात पिनची जाडी विसरू नका.

सायकलचं केबल लॉक किंवा नंबरचं कुलूप चालेल?

मोटरसायकलला नाही. केबल म्हणजे बारीक तारांचा पीळ. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे ती जाड दिसते. हेल्मेट अडकवायला वापरा.

स्कूटरला काय लावू?

स्कूटरचं अंग पत्र्याने नाहीतर प्लॅस्टिकने झाकलेलं, त्यामुळे साखळी ओवायला जागा कमी. साखळी घेण्याआधी तेवढ्याच जाडीचा दोर मागच्या चाकाच्या रिममधल्या खाचेतून ओवून बघा. जातो का, आणि खांबापर्यंत किती फूट लागतो, दोन्ही कळेल. पुढे डिस्क असेल तर डिस्क लॉक सोपं.

हँडलची मूठ आणि ब्रेकचा दांडा एकत्र आवळणारं रंगीत कुलूप मिळतं. ते लांबून दिसतं हा त्याचा गुण. पण ब्रेकचा दांडा तुटतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर रात्र काढू नका.

चावीच्या भोकावर सरकणारी झडप असेल तर ती बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. आणि इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी निघणारी असेल तर रात्री ती वर घेऊन जा. तिथे गाडीपेक्षा बॅटरीवर डोळा असतो.

खर्च हजार-बाराशेच्या आत ठेवायचा आहे. काय घेऊ?

दहा मिलिमीटर पिनचं भरीव डिस्क लॉक, आणि त्यासोबत विसरू नये म्हणून हँडलला अडकवायची पिवळी-नारिंगी स्प्रिंगची दोरी. ड्रमची गाडी असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून कडक पोलादाची साखळी मीटरवर कापून घ्या आणि कुलूप चांगलं घ्या. तयार पॅकमधल्या देखण्या पण बारीक साखळीपेक्षा ती बरी पडते.

ग्राइंडर असेल तर सगळंच कापलं जातं ना?

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने लोखंड कापणारं यंत्र, सोळाची साखळीही कापतो. मिनिट-दोन मिनिटं लागतात, पण ठिणग्या उडतात आणि आवाज लपत नाही. आपल्याकडे साध्या गाडीसाठी हा धोका सहसा कुणी पत्करत नाही. दोन-तीन लाखांची गाडी असेल तर मात्र विचार करा. दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या प्रकारची कुलपं लावली की कापायचा वेळ दुप्पट होतो, आणि एकाच हत्याराने काम भागेल याची खात्री राहत नाही.

लंडनमध्ये राहणारा माझा मामेभाऊ हाच प्रश्न फार पोटतिडकीने विचारतो. तिथे ग्राइंडर सर्रास वापरला जातो. म्हणून ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर या संस्थेने तपासलेली कुलपं बघायची पद्धत आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशा तिच्या पायऱ्या. नेदरलँड्समध्ये कुलपाला मिळालेले एआरटी या प्रमाणपत्राचे तारे बघतात. हिपलॉक आणि लाइटलॉक या ब्रिटिश कंपन्यांनी ग्राइंडरची चकती झिजवून टाकणारी कुलपंही काढली आहेत. ती महाग आहेत. तिथे राहणाऱ्यांनी विमा कंपनी कुठली पायरी मागते ते आधी वाचावं आणि मगच कुलूप घ्यावं.

पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लगची कॅप काढली, तर कुलूप नको ना?

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना कॉक बंद करायची सवय खूप जणांना होती. गाडी अर्धा किलोमीटर जायची आणि बंद पडायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले, आता बहुतेक गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांना तो कॉकच नाही. लपवलेला कट-ऑफ स्विच चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेता येतो. पण वॉरंटीतल्या गाडीची वायरिंग कापू नका, आणि मागून ढकलत नेणाऱ्याला स्विचने फरक पडत नाही हे लक्षात असू द्या. कुलूप असल्यावर हे वरचं कवच म्हणून ठीक.

जीपीएस ट्रॅकर बसवला तर?

गाडी गेल्यावर शोधायला उपयोगी, जाण्यापासून थांबवायला नाही. आतलं सिम रिचार्ज केलेलं हवं, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर तो बॅटरी किती खातो ते विचारून घ्या. सीटखाली पटकन दिसेल असा लावू नका. गाडी नकाशावर दिसली तर एकट्याने तिथे जाऊ नका, पोलिसांना ११२ वर सांगा.

डिस्क लॉक काढायला विसरलो आणि गाडी काढली. आता?

हे प्रत्येकाचं एकदा तरी होतं. गाडी अर्धं चाक फिरून अडते आणि एका बाजूला पडते. गुडघा फुटतो, मडगार्ड तुटतं. वेग असेल तर लॉक कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागावर, आदळून डिस्क वाकते. पडल्यानंतर गाडी जागेवर उचलून पुढचं चाक हवेत फिरवा. डिस्क डगमगत असेल किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर तशीच चालवू नका, टेम्पोने गॅरेजला न्या. पुढचा ब्रेक आहे तो, त्याच्यावर उगाच भरवसा नको. पुढच्या वेळेसाठी ती स्प्रिंगची दोरी, आणि चावीच्या जुडग्यात लॉकची चावी गाडीच्या चावीला लागूनच.

पावसाळ्यात कुलूप गंजतं, अडकतं. काय लावू?

कोकणात आणि घाटात राहणाऱ्यांचा हा प्रश्न दर जुलैला येतो. जाड ग्रीस आत घालू नका, त्यात चिखलाची माती बसून लापशी होते. चावीच्या भोकात ग्राफाइटची पूड किंवा कुलपांसाठी मिळणारा पातळ स्प्रे महिन्यातून एकदा मारा. आधी चिखल पाण्याने धुऊन, झटकून, वाळवून घ्या.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. डिस्क लॉकला तेल किंवा स्प्रे मारताना ते गाडीवरून काढून, लांब, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. डिस्कवर तेलाचा थेंब गेला तर तो ब्रेक पॅडमध्ये मुरतो आणि ब्रेक लागत नाही. लॉक परत लावण्याआधीही ते कोरड्या फडक्याने पुसा.

अडकलेल्या कुलपात चावी जोराने पिळू नका, ती आत मोडते. स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा, चावी हलक्या हाताने आत-बाहेर करा.

जादा चावी कुठे ठेवायची?

गाडीत नाही, डिकीतही नाही. एक घरी, एक दुसऱ्या घरी, आईकडे किंवा भावाकडे. चावीवर क्रमांक कोरलेला असेल तर वहीत लिहून ठेवा, त्यावरून कंपनी नवी चावी देऊ शकते.

विमा आहे, मग एवढी काळजी कशाला?

आधी पॉलिसी काढून वाचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो, आणि पुष्कळांना वाटतं की पाच वर्षं आपण निर्धास्त. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान, त्यात चोरीचे पैसे मिळत नाहीत. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो, आणि तो बहुधा दरवर्षी भरायचा राहून जातो.

तो असला तरी मिळते ती आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाऊन ठरलेली किंमत. गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर घसारा तीस टक्के, चार ते पाचमध्ये पन्नास. नव्वद हजारांच्या गाडीचे अडीच वर्षांनी त्रेसष्ट हजारच्या आसपास.

कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल तर आत्ताच पोलिसांत कळवून कागद करून ठेवा. गाडीला चावी तशीच राहिली आणि गाडी गेली, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते.

सकाळी उठलो, गाडी जागेवर नाही. आधी काय करू?

रस्त्यावर लावली असेल तर आधी वाहतूक पोलिसांनी टोइंग केली का ते विचारा. कधीकधी गाडी त्यांच्याकडेच असते.

नसेल तर लगेच पोलीस ठाण्यात. आरसीची प्रत, चॅसी आणि इंजिन क्रमांक, गाडीचा फोटो न्या. हे आजच मोबाइलमध्ये ठेवा, आरसी डिकीत असेल तर तीही गाडीबरोबर जाते. नुसत्या गहाळ झाल्याच्या नोंदीवर परत फिरू नका, चोरीचा एफआयआर घ्या. जुलै २०२४ पासून चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांच्या आत सही करायला जावं लागतं.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. एफआयआर लगेच दिलेला असेल तर कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं आहे. पण ती लढाई कोर्टात लढण्यापेक्षा एक ईमेल करणं सोपं. कर्ज असेल तर बँकेला कळवा. गल्लीतल्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण पहिल्या दिवशीच मागा, नंतर त्यावर नवं चित्रण चढतं.

गाडीच्या नोंदीला तुमचा चालू मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का तेही बघा. चोरलेल्या गाडीवर नंबरप्लेट तीच असेल आणि तिने कुठे सिग्नल तोडला, तर चलनाचा मेसेज तुम्हाला येतो. माझी गाडी अशीच सापडली. सात आठवड्यांनी हेल्मेट नसल्याचं चलन आलं, शहराच्या दुसऱ्या टोकाचं, वेळ आणि फोटोसकट. तो मेसेज मी त्याच संध्याकाळी तपास अधिकाऱ्यांना दिला.

गाडी सापडली तर लगेच घरी आणता येते का?

नाही. ती मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यातला पुरावा, म्हणून जप्त असते आणि न्यायालयाच्या हुकमावर, सुपुर्दनामा, म्हणजे गाडी ताब्यात घेतल्याचा हमीचा कागद, लिहून देऊन मिळते. वकिलाकडून किंवा स्वतः अर्ज करा, सोबत आरसी, विमा, ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत जोडा. अर्ज लवकर केलेला बरा. ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर, सीट आणि बॅटरी फार टिकत नाहीत. विम्याचे पैसे आधीच घेतले असतील तर गाडीवर हक्क कंपनीचा, त्यामुळे अर्ज करण्याआधी कंपनीशी बोला. माझ्या गाडीला परत यायला आणखी तीन आठवडे लागले. आरसे आणि बॅटरी गेली होती, इग्निशनच्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. घरी आणायच्या आधी मी तिला फॅब्रिकेशनच्या दुकानात नेलं आणि तेरा मिलिमीटरची पाच फूट साखळी कापून घेतली.